पंचविशीपर्यंतची वाढ

आमच्या घरात उंची ही कमावण्याची गोष्ट समजली जायची. ज्याला ती नाही, त्यानं मिळवायचा पुरेसा प्रयत्न केला नाही, असं सगळ्यांचं सरळ मत. आजोबा सहा फुटांचे होते म्हणे. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांच्याहून इंचभर कमी. आणि अप्पांचे धाकटे भाऊ मन्मथकाका तर अहमदपूरच्या मोंढ्यात बाजाराच्या दिवशीही लांबून नुसत्या टोपीवरून ओळखू यायचे. मी पाच फूट दोन इंच. परवा नातवानं भिंतीला उभं करून मोजलं तर त्यातलाही एक इंच कमी भरला. म्हातारपणानं नेला. नेऊ दे. आयुष्यभर लोकांनी माझ्या उंचीचा जेवढा विचार केला तेवढा मी केलेला नाही, आणि जो थोडाफार केला तो त्या पाच-सहा वर्षांत. ती वर्षं मला इथं लिहून ठेवायची आहेत, कारण आमच्या घरात ती हकिकत अजूनही काकांच्या बाजूनं सांगितली जाते.

पुढं कापडाचं दुकान आणि मागं घर, अशी आमची जागा. सकाळी अप्पांची लिंगपूजा आटोपली की कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते गादीवर येऊन बसत, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की ताग्यातून कापड टर्रकन फाडल्याचा आवाज थेट स्वयंपाकघरापर्यंत जाई. त्या आवाजावर आई चहा टाकायची. दुकानाच्या ओट्यावर मेहबूबभाईंचं शिलाई मशीन. ते दिवसभर खडखडत असे, आणि त्यातूनही एसटी स्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न, हमालांची हाकाटी, समोरच्या हॉटेलातला स्टोव्ह, सगळं ऐकू यायचं. सुट्टीच्या दुपारी मशीन थांबलं की उलट मलाच दचकून जाग यायची.

आमच्या घरातल्या पोरांचे कपडे मेहबूबभाईच शिवत, आणि ते वाढत्या मापाचे शिवत. बाही तळहातावर आणि पॅंट टाचेखाली. पायाशी कापड आत दुमडून टाके घालायचे, पोरगा वाढला की टाके उसवायचे आणि पॅंट खाली सोडायची. आत राखलेल्या या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. कापडाच्या दुकानदाराचीच पोरं, मग मायेत कंजुषी कशाला? माझे दोन्ही चुलतभाऊ दर पाडव्याला एक घडी उसवत गेले. त्यांच्या पॅंटींवर जुन्या दुमडीच्या फिक्या रेघा एकाखाली एक दिसायच्या आणि काका त्या पाहुण्यांना दाखवायचे. माझ्या पॅंटी विटल्या, गुडघ्यावर फाटल्या, पण आतली माया कोरीच्या कोरी राहिली. दहावीनंतर काय ती एक घडी उसवली, तेवढीच.

मग घरानं माझी उंची वाढवायला घेतली. आईनं खारीक-खोबऱ्याची पूड दुधात घालून सकाळ-संध्याकाळ द्यायला सुरुवात केली. डिंकाचे लाडू उन्हाळ्यातसुद्धा. उन्हाळ्यात डिंक खाल्लेल्या माणसाला काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. नाकाचा घोळणा फुटला तरी काकू म्हणायच्या, अंगाला लागून राहिलंय. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेलाची धार, आणि पान उचलताना चुलतभावाच्या ताटाकडं बघून आईचं एक वाक्य ठरलेलं, की खातो तर सारखंच. चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं मला. काकांनी मागच्या पडवीत दोन खांबांत लोखंडी पाइप टाकून घेतला आणि रोज अंघोळीआधी त्याला लोंबकळायचं असा हुकूम सोडला. मी लोंबकळायचो. शेजारच्या बायका पाणी भरता भरता बघून हसायच्या. त्यातल्या एकीनं काकूंना विचारलंही, पोराला वाळत घातलंय का म्हणून.

कॉलेजला लातूरला होतो तरी शनिवारी घरी आलं की पाइप सुटत नसे. एका रविवारी तो एका बाजूनं निसटला आणि मी मनगटावर पडलो. मनगट टम्म सुजलं. अप्पा दुकान सोडून सहसा कुठं जात नसत, पण त्या दिवशी मला घेऊन लातूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडापुढं धरला आणि हाड जरासं चिरलंय, प्लास्टर घालू म्हणाले. पडलास कसा, तेही विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वय विचारलं. मी एकोणीस म्हणालो. तेव्हा त्यांनी अप्पांना जवळ बोलावून फोटोतल्या मनगटापाशी पेन टेकवलं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी एक मऊ पट्टी असते, तिथून हाड लांबतं, असं त्यांनी समजावलं. मुलांमध्ये ती साधारण सतरा-अठराला बंद होते, एखाद्याचं विशीपर्यंत थोडंफार चालतं. "ह्याची बंद झालीय. आता पायपाला लटका नाहीतर झाडाला लटका, उंची हीच." अप्पांनी फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, "औषध काय हाय मग?" डॉक्टर म्हणाले, कशावर?

मला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. परीक्षेचा निकाल लागल्यावर, तो कसाही असो, जो सुटकेचा श्वास येतो तो मला तिथं आला. एवढी वर्षं जे मी करत नाही म्हणून बोलणी खात होतो, ते माझ्या हातात नव्हतंच. माझा नातू आता सतरा वर्षांचा आहे. त्याच्या मोबाइलवर उंची वाढवायच्या पावडरींच्या जाहिराती सारख्या येतात आणि दुसरं कुणी नसताना तो मला विचारतो, आजोबा, नक्की कधी थांबते हो? मी त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सांगतो. त्यापुढं माझं म्हणून एवढंच सांगतो, की थांबली की थांबली म्हणावं. ते म्हणायला मात्र छाती लागते.

कारण घरात कुणीच ते म्हणू दिलं नाही. प्लास्टर घालून मी आलो तेव्हा ओसरीवर सगळे जमले होते. अप्पांनी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मन्मथकाका ऐकून हसले. "फोटोत काय दिसतंय? आपल्या घराण्यात पंचविशीपर्यंत वाढ हाय. मी तेविसाव्या वर्षी चार बोटं वाढलो, विचारा वैनीला." आईनं मान डोलावली. ती सासरी आली तेव्हा काका खरंच तेवीस वर्षांचे होते की पंधराचे, हे तिला कुणी कधी विचारलं नसावं. मी म्हणालो, "काका, माझी वाढ झाली. डॉक्टरांनी दाखवलं मला." काका म्हणाले, "अरे बसू, तू हिम्मत हारून राहिलास, दुसरं काय न्हाई." प्लास्टर निघाल्यावर पाइप पुन्हा घट्ट बसवला गेला. मी त्याला हात लावला नाही. काकांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझा दंड धरून पडवीत नेलं. मी पाइपाखाली हाताची घडी घालून उभा राहिलो आणि ते दमेपर्यंत उभाच राहिलो. त्या घरात मोठ्या माणसाचं न ऐकण्याची ती माझी पहिली वेळ. मला ती आवडली, हेही सांगून टाकतो.

बी.कॉम. होऊन मी दुकानात बसू लागलो आणि बाविसाव्या वर्षी लोह्याचं स्थळ आलं. गुरुलिंगप्पा नावाचे गृहस्थ, किराणा दुकान, थोडी शेती, आमच्यातलेच लिंगायत. मुलगी महानंदा, वय वीस, बारावी झालेली. बघायला अप्पा, काका, आई आणि मी असे एसटीनं गेलो. मेहबूबभाईंनी नवी पॅंट शिवली होती आणि काकांच्या सांगण्यावरून पायाशी चांगली वीतभर माया ठेवली होती. चालताना दोन्ही घोट्यांवर कापडाचे जाड कडे घातल्यासारखं वाटायचं.

बैठकीत सतरंजी अंथरलेली. चुरमुऱ्यांचा सुशीला आला, वर शेंगदाणे आणि लिंबू, मग मुलगी ट्रे घेऊन आली. खांदे पाडून, मान पार छातीला टेकवून, गुडघ्यांत वाकत वाकत आली आणि पटकन पाटावर बसली. आई काकांच्या कानात म्हणाली, लई लाजाळू हाय. काकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. दशम्या जमतात का, असंही विचारलं. ती खाली बघूनच म्हणाली, "जमत्यात. पण मोडत्यात." तिनं क्षणभर डोळे वर केले आणि माझं हसू तिनं पाहिलं. लग्न करीन तर हिच्याशी, हे माझं तिथं ठरलं. बायको निवडायला एवढं पुरतं का, असं मला पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. मला पुरलं.

निघायला म्हणून आम्ही उभे राहिलो तेव्हा गुरुलिंगप्पा माझ्या डोक्याकडं बघत राहिले. नजरेत हिशेब दिसत होता. ते म्हणाले, "मुलगा जरा..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. काकांनी तो उचलला. "वाढ चालू हाय अजून. आमच्यात पंचविशीपर्यंत वाढत्यात. हे बघा." असं म्हणत ते खाली बसले, माझा उजवा पाय धरला आणि भर बैठकीत माझ्या पॅंटीची घडी उलटी करून आतलं कापड सगळ्यांना दाखवलं. "उगंच ठेवली का एवढी माया? अंदाज घेऊनच ठेवली." गुरुलिंगप्पांनी वाकून कापड बोटांनी चाचपलं. त्यांचे भाऊही पुढं झाले. मी एका पायावर उभा, तोल जाऊ नये म्हणून अप्पांचा खांदा धरलेला, आणि आतल्या दारातून बायका बघताहेत. असा अपमान माझा आधी झाला नव्हता आणि नंतर मी होऊ दिला नाही. गुरुलिंगप्पा म्हणाले, "मग घाई कशाला? वर्ष-दीड वर्ष थांबू. पोरगा वाढू द्या, मग अक्षता." काका लगेच म्हणाले, हाव, त्यात काय.

परतताना एसटीत काका खुशीत होते. स्थळ हातचं जाऊ दिलं नाही, असं अप्पांना दोनदा सांगितलं. मी खिडकीशी बसून एकच गोष्ट बघत होतो. वर्षानं हीच माणसं माझ्याजवळ उभी राहून पुन्हा हिशेब घालणार, मी होतो तेवढाच असणार, आणि ती मोडक्या दशम्यांची मुलगी मला मिळणार नाही. मिळालीच, तर फसवून मिळणार. घरी मी अप्पांना म्हणालो, त्यांना खरं कळवा. अप्पा म्हणाले, "मन्मथनं जुबान दिलीय. मी मधी कसा बोलू?" अप्पा वाईट नव्हते. धाकट्या भावाला दुखवणं त्यांना आयुष्यभर जमलं नाही.

आठवडा असाच गेला. मग एका सकाळी ओट्यावर जाऊन ती पॅंट मेहबूबभाईंपुढं टाकली आणि म्हणालो, माया कापून टाका. ते म्हणाले, "बेटा, काका माझी मशीन उचलून फेकतेत. उसवून देतो, कापायला सांगू नको." मग मी दुकानातली मोठी कात्री आणली, घडी उसवली आणि घोट्याच्या मापानं दोन्ही पाय सरळ कापले. मेहबूबभाईंनी काठाला टीप मारून दिली, कारण दोरे निघालेली पॅंट ओट्यावरून जाऊ देणं त्यांच्या धंद्याला शोभलं नसतं. गादीवरून अप्पा सगळं बघत होते. मी लोह्याला जातो म्हणालो. नवऱ्या मुलानं एकट्यानं, न बोलावता मुलीच्या घरी जाणं म्हणजे तेव्हा इज्जतीचा पंचनामाच. अप्पा म्हणाले, "जाऊ नको." मी गेलो.

लोह्यावरून जाणारी नांदेड गाडी मिळाली. ऊन तापलं होतं. गुरुलिंगप्पांच्या अंगणात बाजांवर कुरडया वाळत घातलेल्या आणि एक मुलगी उंच बांधलेल्या तारेवर धोतरं टाकत होती. तारेला सहज हात पुरत होता तिचा. पाठ ताठ, मान वर. मी बघतच राहिलो आणि मला वाटलं ही मोठी बहीण असेल. ती वळली, म्हणाली, "कोण पायजे?" आणि मला ओळखताच तिचे खांदे पडले, मान खाली गेली, गुडघे वाकले. एका दमात चार बोटं कमी झाली ती. तिलाही कुणीतरी ती सवय लावली होती. मला आधी राग आला आणि मग तो राग माझ्या कामी आला.

गुरुलिंगप्पा बाहेर आले, दचकले, या म्हणाले. मी बसलो नाही. म्हणालो, "मामा, मी वाढणार नाही. डॉक्टरांनी फोटो काढून तीन वर्षांपूर्वीच सांगितलंय. आज आहे एवढाच राहीन." त्यांची नजर आपोआप माझ्या पायांकडं गेली. पॅंट घोट्याशी सरळ कापलेली होती. ते म्हणाले, "मग तुमचे काका खोटं बोलले का?" मी म्हणालो, "काकांना तसंच वाटतं. मला तसं वाटत नाही." त्यांनी उपरण्यानं मान पुसली. "लोक काय म्हणतील? पोरगी वर अन् जावई खाली." मी म्हणालो, "लोक म्हणतील ते खरंच असंल. खालीच आहे मी. पण वर्ष थांबून तुम्हाला दुसरा कुणी मिळणार नाही, हाच मिळंल. पायजे असंल तर आत्ता हो म्हणा, नसंल तर आत्ता नाही म्हणा." सासरा होऊ घातलेल्या माणसाशी असं बोलायचं नसतं हे मला माहीत होतं. पण एका पायावर उभं राहून गप्प बसण्यापेक्षा ते बरं होतं. आणि तोंड सुटलंच होतं म्हणून पुढं म्हणालो, "त्या दिवशी तुमची मुलगी वाकून चालत होती."

आतून तिची आई बाहेर आली. पदर सावरत म्हणाली, "आमीच सांगितलं हुतं तिला. काय करावं मग? उंच म्हणून लई जागी मोडलं." तिच्या आवाजात भांडण नव्हतं, थकवा होता. ते ऐकून माझा जोर जरा ओसरला. गुरुलिंगप्पा कुणाकडंच बघत नव्हते. तेव्हा धोतरांच्या मागून महानंदा पुढं आली. तिनं आधी आईकडं पाहिलं, मग बापाकडं, आणि हळूहळू, जसं अवघडलेलं अंग मोकळं करतात तसे खांदे मागं घेत ताठ झाली. माझ्यापुढं उभी राहिली तेव्हा मला तिच्याकडं मान वर करून बघावं लागलं. मी बघितलं. ती म्हणाली, "तुमी वाढणार न्हाई हे सांगायला आलात, बरं केलं. मग मी बी आता वाकणार न्हाई." बापाकडं वळून म्हणाली, "बाबा, ह्यांन्ला हो म्हणा." गुरुलिंगप्पांनी आत ताटं करायला सांगितली. आमच्याकडं नकार द्यायचा असला तर माणसाला चहावर वाटेला लावतात, जेवायला बसवत नाहीत. तिखट आमटी आणि ज्वारीची भाकरी मी पोटभर खाल्ली.

घरी व्हायचं ते झालं. काका माझ्याशी बोलेनासे झाले, आई रडली, अप्पांनी तारीख काढली. लग्न लोह्यात, त्यांच्या दारापुढच्या मांडवात. काका आले, पण येताना एक पाट घेऊन आले. चांगला जाड सागवानी, एकावर एक दोन फळ्या ठोकलेला. अंतरपाट धरायच्या आधी त्यांनी तो माझ्या पायाशी सरकवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "बसू, चढ. माझ्यासाठी चढ. पाचशे माणूस बघून राहिलाय." त्यांचे डोळे भरले होते. माझ्यावर त्यांचं प्रेम होतं, त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. मी त्यांच्या पाया पडलो आणि पाट उचलून मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवला.

अक्षता पडल्या, अंतरपाट खाली गेला, आणि समोर ती, कपाळ माझ्याहून पुरतं वर. माझे मित्र मला उचलायला पुढं झाले, त्यांना मी हातानं मागं सारलं. मागून कुणीतरी म्हणालं, नवरी, वाक जरा. ती वाकली नाही. तिनं हार घातला तो अलगद खाली आला. मी टाचा उचलल्या नाहीत, होतो तसा उभा राहून हार वर टाकला, आणि तो तिच्या गजऱ्यात एका बाजूनं अडकून लोंबत राहिला. मांडव हसला. अगदी मागच्या रांगेपर्यंत हसला. महानंदानं मान ताठ ठेवून दोन्ही हात वर नेले, हार गजऱ्यातून सोडवला आणि सगळ्यांच्या देखत आपल्या हातानं गळ्यात नीट घालून घेतला.